दबलेलं आणि झिजलेलं

मौद्यात गालिचा असलेली घरं कमीच. नागपूरपासून पस्तीसेक किलोमीटरवर, भंडाऱ्याकडे जाणाऱ्या महामार्गाला लागून, कन्हान नदीच्या अंगाला वसलेलं हे गाव. मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो आणि धूळ बारा महिने असते. इथं माणसाला पायाखाली गार फरशी हवी असते. त्यामुळे आमच्या बैठकीतला राखाडी गालिचा पाहून नवा पाहुणा जरा थबकायचाच. चपला तर बाहेर काढलेल्या असायच्या, पण आता मोजेही काढावेत की काय, असा प्रश्न चेहऱ्यावर असायचा.

तो गालिचा शोभेसाठी आलेला नव्हता. २०२१च्या जुलैमध्ये बाबांना लकव्याचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. काही आठवड्यांनी धरून धरून चार पावलं टाकायला लागले, तेव्हा घरातल्या गुळगुळीत टाइल्स शत्रू झाल्या. घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टनं सांगितलं की सुटं पायपुसणंसुद्धा ठेवू नका, पाय अडकतो. घालायचंच तर अख्ख्या खोलीभर, कडा पक्क्या चिकटवून काहीतरी घाला. म्हणून नागपूरहून बारा बाय चौदाचा गालिचा आला. त्यावर भाड्यानं आणलेला लोखंडी पलंग आला, हँडल फिरवलं की डोक्याकडची बाजू वर होणारा. तो पलंग बैठकीत दोन वर्षं आणि चार महिने होता. २०२३च्या नोव्हेंबरमध्ये बाबा गेले. त्याच आठवड्यात टेम्पो येऊन पलंग घेऊन गेला आणि गालिच्यात चार खड्डे राहिले. डोक्याकडचे दोन जास्त खोल, पायांकडचे दोन थोडे उथळ.

गालिच्यातले खड्डे ही तशी श्रीमंतांच्या घरातली तक्रार. परदेशात भाड्याच्या घरात राहणारे माझे मित्र घर सोडताना सोफ्याखालचे असे खड्डे काढण्यात एक रविवार घालवतात, कारण अनामत रकमेचा प्रश्न असतो. आमच्याकडे अनामत वगैरे काही नव्हती. तरीही ते खड्डे काढायची वेळ आली, आणि काढताना जे समजलं ते लिहावंसं वाटलं.

आधी एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या आजोबांच्या घरात असा खड्डा पडणं शक्यच नव्हतं. जमीन शेणानं सारवलेली, दर आठ-पंधरा दिवसांनी नव्यानं हात फिरायचा. बसायला सतरंजी, झोपायला सतरंजीवर गादी, आणि सकाळी दोन्ही गुंडाळून कोपऱ्यात. एखादी बाज असायची, तीही दिवसा छपरीत, रात्री अंगणात. घरातली जवळजवळ प्रत्येक वस्तू दिवसातून एकदा तरी उचलली जायची. जड म्हणाल तर धान्याची कणगी आणि पुढे लग्नात आलेली लोखंडी आलमारी. आलमारीच्या पायांखालीही आजी फरशीचे तुकडे सरकवायची, कारण सारवलेल्या जमिनीत पाय रुतायचे. म्हणजे भार पसरवायचा असतो हे तिला कोणी शिकवायला लागलं नव्हतं.

सतरंजीत खड्डा पडत नाही याला कारण आहे. ती सपाट विणीची: ताणा आणि बाणा एकमेकांत घट्ट, वर उभं राहिलेलं काही नाही. नागपुरात सतरंजीपुरा नावाची वस्तीच आहे, महानगरपालिकेच्या एका झोनलाही तेच नाव आहे. गालिचा हा वेगळा प्रकार. त्यात पायावर असंख्य तंतू उभे केलेले असतात, शेतात धान उभं असतं तसे. पाय ठेवला की ते वाकतात आणि उचलला की उठतात. गालिच्याचं सगळं सुख या वाकण्या-उठण्यात आहे आणि त्याचा सगळा त्रासही तिथंच आहे.

अर्थात गालिचाही मुळात गुंडाळायचीच वस्तू होती. तंबूत राहणाऱ्या, जनावरांवर संसार लादून फिरणाऱ्या लोकांनी तो विणला, अंथरला आणि उचलून नेला. इंग्रजांच्या काळात आपल्याकडच्या तुरुंगांत कैद्यांकडून गालिचे विणून घेत. येरवड्यालाही ते काम चालायचं. आग्र्याच्या तुरुंगात विणलेला एक प्रचंड गालिचा व्हिक्टोरिया राणीसाठी गेला आणि अजून विंडसरच्या राजवाड्यात आहे. १९९२ साली तिथं आग लागली, तेव्हा सैनिकांनी तो गुंडाळून बाहेर काढला. एवढा अवाढव्य, पण गुंडाळता आला म्हणून वाचला. खड्ड्यांचा प्रश्न सुरू होतो तो गालिचा कायमचा चिकटवला जातो आणि त्यावरची वस्तूही कायमची होते तेव्हा.

आमच्याकडे दोन्ही झालं होतं.

मी शिकलो मेकॅनिकल आणि पोट भरतो सॉफ्टवेअरवर, त्यामुळे शिकलेलं वापरायची संधी क्वचित मिळते. हिशेब सोपा आहे. पलंग साधारण ६० किलोचा, गादी १० किलोची, बाबा ६२ किलोचे. एकूण १३२, म्हणजे एका पायावर ३३ किलो. पलंगाचा पाय म्हणजे ३८ मिलिमीटर व्यासाचा पाइप, खाली रबरी टोपी. क्षेत्रफळ जेमतेम ११ चौरस सेंटिमीटर. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर ३ किलो. दोन्ही पायांवर उभा असलेला ६५ किलोचा माणूस तळव्यांच्या तीनेकशे चौरस सेंटिमीटरवर उभा असतो. त्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला पाव किलोही भरत नाही. झोपलेल्या बाबांचा पलंग गालिच्याला उभ्या माणसापेक्षा बारा-चौदा पट जोरानं दाबत होता. डोक्याकडचे खड्डे खोल का, तेही यातच आहे. आडव्या माणसाचं वजन धडाकडे जास्त असतं, आणि पलंग उचलायची लोखंडी यंत्रणाही त्याच बाजूला होती.

पण नुसता दाब खड्डा पाडत नाही. दाब आणि वेळ मिळून पाडतात. एखादी वस्तू तिला सहज पेलेल एवढ्याच भाराखाली पुष्कळ काळ ठेवली, तर ती हळूहळू आकार बदलत जाते. इंजिनिअरिंगमध्ये याला क्रीप म्हणतात. आमच्या गावाला हा शब्द परका असायचं कारण नाही. मौद्याच्या एनटीपीसीच्या केंद्रात चार संच आहेत, दोन ५०० मेगावॅटचे आणि दोन ६६०चे, मिळून २,३२० मेगावॅट. तिथल्या नळ्यांमधून ५०० अंशांहून जास्त तापलेली वाफ प्रचंड दाबानं वाहते. त्या तापमानाला पोलादही वर्षानुवर्षांच्या भाराखाली कणाकणानं ताणलं जातं. म्हणून अशा केंद्रांत नळ्यांची जाडी आणि फुगवटा वेळोवेळी तपासत राहावं लागतं. गालिच्यातल्या तंतूंना एवढ्या उष्णतेची गरज नसते. ते नागपूरच्या उन्हाळ्यातही भागवून घेतात.

नायलॉनचा तंतू म्हणजे एकमेकींत गुंतलेल्या लांबलचक साखळ्या. कोरड्या नायलॉनमधल्या या साखळ्या साधारण ५० अंशांच्या आसपास सैल होऊ लागतात. ओलावा प्यालेल्या नायलॉनमध्ये हे तापमान बरंच खाली येतं. पुरतं भिजलेलं असेल तर खोलीच्या तापमानाच्याही खाली. आता आमची बैठक डोळ्यांसमोर आणा. बाहेर ४५ अंश, खिडकीत वाळा लावलेला कूलर दिवसरात्र दमट हवा फेकतोय आणि त्याच्यासमोर बाबांचा पलंग. तंतूंना सैल व्हायला उष्णताही होती, पाणीही होतं, आणि वरून ३३ किलो कधीच हटत नव्हते. असे तीन उन्हाळे मिळाले असते तर काय झालं असतं कोण जाणे. दोन पुरेसे झाले. पावसाळा-हिवाळा आला की साखळ्या दबलेल्या आकारातच घट्ट व्हायच्या.

हे समजायला नायलॉनही लागत नाही. ओल्या केसांची वेणी घालून झोपलं की सकाळी केसांना लाटा पडतात. पुन्हा ओले केले की लाटा जातात. लोकरीचं आणि नायलॉनचं थोडंफार तसंच आहे. ज्या पाण्यानं आणि उबेनं आकार बसतो, त्याच पाण्यानं आणि उबेनं तो उठतोही.

पलंग गेल्यावर पहिल्या आठवड्यात खड्डे आपोआप थोडे वर आले. मग वेग मंदावला आणि महिन्याभरात थांबलाच. त्यानंतरचं वर्षभर ते तसेच होते. आम्ही दिवाण दुसऱ्या भिंतीला लावला होता, खुर्च्या दाराजवळ होत्या आणि मध्ये सहा फूट बाय तीन फुटांची जागा रिकामी. त्या जागेत कोणी पाय ठेवत नसे. मी काही दिवस नुसतं पाहत होतो. वर्तमानपत्र टाकणारा मुलगा, वरच्या मजल्यावरच्या काकू, अगदी ताईची चार वर्षांची मुलगी, सगळे त्या चार खुणांना वळसा घालून जायचे. पलंग नव्हता, पण तो अजून बैठकीत होता.

२०२४च्या दिवाळीआधी आईनं विषय काढला. पुढच्या महिन्यात बाबांचं वर्षश्राद्ध होतं. आत्याबाई, मामाजी, सगळे येणार होते.

“ते खड्डे निघतेत का रे? येणाऱ्याची नजर तिथंच जाते. मग कोणी काही बोलत नाही, नुसते बसून राहतेत.”

“गालिचाच काढून टाकू का?”

“काढायचं मंग पाहू. आधी खड्डे काढ.”

कामाला लागण्याआधी गालिचा कशाचा आहे हे पाहावं लागतं, कारण इलाज त्यावर ठरतो. लेबल केव्हाच गेलं होतं. कडेचे दोन-तीन तंतू कापून घेतले आणि साबणाचा थेंब टाकलेल्या पाण्यात चांगले चोळून, त्यातली हवा घालवून सोडले. पॉलिप्रॉपिलीन पाण्याहून हलकं, ते तरंगतं. नायलॉन आणि पॉलिएस्टर बुडतात. आमचे बुडाले. मग एक तंतू चिमट्यात धरून ओट्यावर ज्योतीजवळ नेला. पॉलिएस्टर काळा काजळीदार धूर सोडतं, लोकर केस जळल्यासारखी वासते. आमचा तंतू फारसा धूर न करता वितळला आणि टोकाला कडक मणी झाला. नायलॉन. नशीबच म्हणायचं. स्वस्त गालिच्यांत पॉलिप्रॉपिलीन बरंच असतं, आणि ते पाणी पीतच नाही, त्यामुळे त्यावर बर्फाचा काही उपयोग होत नाही. शिवाय १६० अंशांच्या आसपास ते वितळतं. इस्त्रीचा कॉटनचा खटका त्याच्या वर जातो, म्हणजे खड्डा जायच्या ऐवजी तिथं चकचकीत डाग पडायचा.

पहिल्या रात्री प्रत्येक खड्ड्यात बर्फाचे चार-चार खडे ठेवले. बर्फाला स्वतःची अशी जादू नाही. तो म्हणजे सावकाश ओतलेलं पाणी. वाटीनं पाणी टाकलं तर पसरतं, खालचा थर भिजून कुजायची भीती असते. बर्फ रात्रभर थेंबाथेंबानं विरघळतो आणि पाणी जिथं हवं तिथंच मुरतं. सकाळी जुन्या सुती धोतरानं पाणी टिपून घेतलं आणि चमच्याच्या दांड्यानं तंतू मुळापासून वर उकरले. ओढायचं नाही, कंगव्यानं गुंता सोडवतो तसं सगळ्या बाजूंनी उठवायचं. मग पंखा. खोली मोजायला लोखंडी पट्टी होती. गालिच्याचे तंतू १० मिलिमीटर उंच. डोक्याकडचे खड्डे सुरुवातीला ६ मिलिमीटर होते, पहिल्या दिवशी ४ झाले. पायांकडचे ४ होते, ते २ झाले.

दुसऱ्या रात्री पुन्हा बर्फ. तिसऱ्या दिवशी इस्त्री. खड्ड्यावर ओलं पिळलेलं सुती कापड दुहेरी घडी करून ठेवायचं, इस्त्री मध्यम, आणि टेकवायची नाही असं म्हटलं तरी चालेल: पाच-सात सेकंद हलकेच कापडावर, वाफ खाली जाईपर्यंत, आणि लगेच उचलायची. कापड काढून बोटांनी तंतू उभे करायचे, थंड होईपर्यंत मधून मधून चाळवत राहायचे. थंड होताना ते ज्या आकारात असतील तोच आकार धरतात, म्हणून घाई इथं करायची नाही. आधी दिवाणाखालच्या, कोणाला न दिसणाऱ्या कोपऱ्यात रंग उतरतो का तेही पाहून घेतलं होतं.

आई दारात उभी राहून पाहत होती.

“कपडे असे कधी इस्त्री नाही केले तू.”

चौथ्या दिवशी पायांकडच्या खड्ड्यांची जागा सांगता येईना. डोक्याकडे हात फिरवला तर मिलिमीटरभराचा खोलगटपणा बोटांना लागायचा, डोळ्यांना नाही. आईनं त्या रिकाम्या जागेच्या बरोबर मध्ये खुर्ची आणून टाकली आणि वाटाणे सोलत बसली. वर्षभरानं तिथं कोणीतरी बसलं.

हा लेख खरं तर इथं संपायला हरकत नव्हती. पण त्याच संध्याकाळी, पश्चिमेच्या खिडकीतून तिरपं ऊन गालिच्यावर आलं तेव्हा, खड्ड्यांमुळे आजवर नजर न गेलेली एक गोष्ट दिसली. स्वयंपाकघराच्या दारापासून पलंगाची डावी बाजू होती तिथपर्यंत हातभर रुंदीचा एक पट्टा गेलेला होता. बाकी गालिच्यापेक्षा किंचित काळपट, किंचित चमकणारा. पट्ट्याच्या शेवटी, पलंगाला लागून, पाटाएवढी एक सपाट जागा. तिथं प्लास्टिकचा स्टूल असायचा. स्टुलाच्या पायांच्या खुणा नव्हत्या, कारण तो रोज इकडेतिकडे सरकायचा. ती जागा स्टुलावर बसणाऱ्या माणसाच्या पावलांची होती.

मी पट्ट्यावर बर्फ ठेवून पाहिला. दोन रात्री. वाफ दिली, चमच्यानं उकरलं. काही फरक पडला नाही. तिथले तंतू दबलेले नव्हतेच, उभेच होते. भिंगातून पाहिलं तर टोकं फाटलेली, विसकटलेली, एकमेकांत गुरफटलेली. पायांबरोबर आलेली बारीक वाळू तंतूंच्या मुळाशी बसते आणि वरून पाऊल पडलं, वळलं की कानशीसारखी घासते. दबलेल्या तंतूला त्याचा जुना आकार अजून माहीत असतो. पाणी आणि ऊब मिळाली की तो परत येतो. झिजलेल्या तंतूकडे परत यायला काही उरलेलं नसतं. टोक गेलं ते गेलं.

बाबांचा भार सगळ्यांना दिसत होता. पलंग मोठा, लोखंडी, बैठकीच्या मधोमध. येणारा जाणारा त्यांच्याकडे पाहायचा, आणि ते बरोबरच होतं. त्यांचं दबणं एका जागी आणि सलग होतं, म्हणून खड्डा पडला. आईचं वजन ५० किलो. ती एका जागी कधी थांबलीच नाही. रात्रपाळी माझी असायची आणि औषधांचं मी पाहायचो, दिवस तिचा. पेज, औषधाचं पाणी, कुशीवर वळवणं, पाठ पुसणं, पुन्हा पेज. मी एकदा कागदावर मांडून पाहिलं. दिवसाला चाळीस फेऱ्या धरल्या, आणि ते कमीच आहे, तर दोन वर्षं चार महिन्यांच्या चौतीस हजार होतात. जाणं आणि येणं वेगळं मोजलं तर दुप्पट. प्रत्येक पाऊल हलकं, प्रत्येक पावलानंतर तंतूंना उठायला वेळ मिळालेला. कुठल्याही एका पावलानं काही बिघडलं नाही. म्हणूनच ते कोणाला दिसलं नाही.

मराठीत सतरंज्या उचलणारा कार्यकर्ता असा शब्दप्रयोग आहे. सभा होते, नेता बोलतो, टाळ्या पडतात, आणि मंडप रिकामा झाल्यावर जो मागे राहून सतरंज्या गोळा करतो तो. आपण तो थोड्या कीवेनं वापरतो, त्या माणसाला काही मिळालं नाही म्हणून. घरात आजारपण असलं की अशी एक सभा वर्षानुवर्षं चालू असते.

मी आईला पट्टा दाखवला.

“हे काय आहे?”

“तुझं चालणं.”

तिनं वाकून पाहिलं, कमरेवर हात ठेवून. “मंग चालणारच नं. उडत जाणार होती का मी?”

वाकलेली ती उठली तेव्हा दाराच्या चौकटीला धरून उठली. त्या क्षणी मी गालिच्याकडे पाहत नव्हतो.

पुढच्या आठवड्यात तिला नागपूरला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही गुडघ्यांचे एक्स-रे झाले. डॉक्टरांनी मराठीत जो शब्द वापरला तो सगळे डॉक्टर वापरतात, आणि मी तो शेकडो वेळा ऐकलेला होता: झीज. गुडघ्याची झीज. हाडांच्या टोकांवरची कूर्चा पातळ होत जाणं. डॉक्टरांनी समजावून सांगितलं ते मला ओळखीचं वाटलं. कूर्चेत बहुतांश पाणी असतं. आपण उभे राहतो तेव्हा ती दबते, तिच्यातलं पाणी पिळून निघतं. भार गेला की ती पुन्हा पाणी शोषून फुगते. मणक्यांमधल्या चकत्यांचंही तसंच, म्हणून माणूस सकाळी रात्रीपेक्षा सेंटिमीटरभर उंच असतो. एवढ्यापर्यंत सगळं गालिच्यातल्या खड्ड्यासारखं. पण कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. एकदा ती झिजली की शरीर ती नीटशी भरून काढू शकत नाही. वेदना कमी करता येतात, स्नायू बळकट करून सांध्यावरचा भार वाटून घेता येतो, झीज पुढे जाण्याचा वेग कमी करता येतो. गेलेलं परत आणता येत नाही.

वय साठच्या आसपास असलेल्या अनेक बायकांना हे होतं, आणि त्यांतल्या सगळ्यांनी काही लकव्याच्या माणसाची सेवा केलेली नसते. आईचे गुडघे त्या चौतीस हजार फेऱ्यांनीच झिजले असं कोणी म्हणू शकणार नाही. डॉक्टरही म्हणाले नाहीत. पण एक मात्र आहे. त्या दोन वर्षांत घरात तपासणीसाठी येणाऱ्या प्रत्येकाच्या हातातलं यंत्र बाबांच्या दंडाला लागायचं. पलंगाशेजारच्या स्टुलावर बसलेल्या बाईला चालताना दुखतं का, हा प्रश्न एकाही तपासणीचा भाग नव्हता. आपल्याकडे रुग्णाची फाइल असते. त्याला सांभाळणाऱ्या माणसाची नसते.

आता हेच फिजिओथेरपिस्ट पुन्हा घरी येतात, आईसाठी. पहिला व्यायाम असा: पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, मांडीचा स्नायू आवळून ती खाली दाबायची, पाच मोजेपर्यंत धरायची आणि सोडायची. दहा वेळा, दोन्ही पायांनी. आई तो दिवाणावर बसून मालिका पाहता पाहता करते आणि मोजण्यात घोळ घालते.

गालिच्याचं म्हणाल तर खड्डे काढण्यापेक्षा ते पडू न देणं कितीतरी सोपं आहे. दिवाणाच्या पायांखाली सुताराकडून १० सेंटिमीटर व्यासाच्या सागवानी चकत्या करून आणल्या. ११च्या जागी ७८ चौरस सेंटिमीटर झाले. तोच भार, पण दाब सातव्या हिश्श्यावर. आजीचे फरशीचे तुकडे, फक्त गोल. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दिवाण दोन बोटं सरकवतो, कधी भिंतीकडे, कधी खिडकीकडे, म्हणजे कुठल्याच तंतूवर दुसरा उन्हाळा तसाच जात नाही. फोनमध्ये त्याचं स्मरण लावलेलं आहे.

झिजेचा इलाज वेगळा. तिथं चकत्या कामाच्या नाहीत, कारण भार हा प्रश्नच नाही. प्रश्न त्याच वाटेवरून पुन्हा पुन्हा जाण्याचा आहे. दोन गोष्टी करता येतात. एक, वाळू मुळाशी बसू द्यायची नाही, म्हणजे आठवड्यातून दोनदा व्हॅक्यूम. दुसरं, वाट बदलायची. आम्ही कडांच्या पट्ट्या सोडवल्या आणि मामाजी, ताईचे यजमान आणि मी, तिघांनी मिळून गालिचा अर्धा फिरवला. स्वयंपाकघराच्या दारातली बाजू खिडकीखाली गेली. जुनी वाट आता दिवाणाखाली आहे आणि दारातून बैठकीत येणाऱ्या पावलांना दाट तंतू मिळतात. झीज नाहीशी झाली नाही. तिच्यावरून चालणं तेवढं थांबलं.

वर्षश्राद्धाला पंचवीसेक माणसं आली. बैठकीत दाटीवाटीनं बसली, बाबांच्या जागेवरही बसली. जेवणं झाल्यावर आत्याबाईंनी विचारलंच, “आता हा गालिचा कायले ठेवला? ज्याच्यासाठी आणला तो तर गेला. धूळ नुसती.” आईही म्हणाली, “हो नं, काढूनच टाकू. आता कोण घसरणार आहे?”

मी काही बोलण्याआधी ताई म्हणाली, “तू.”

आईला ते पटलं की नाही सांगता येत नाही, पण गालिचा राहिला. कडा नव्या पट्टीनं चिकटवल्या. आणि त्या दिवसापासून घरात एक नियम झाला, तोही आईनंच केलेला: चहा बैठकीत येणार नाही, ज्याचा कप त्यानं ओट्यावरून उचलून आणायचा. मामाजींना हा नियम फारसा आवडलेला नाही. ते दर वेळी थोडा वेळ बसून राहतात, स्वयंपाकघराकडे पाहतात, आणि मग उठतात.